दिव्यांग लाभ नाकारला गेल्यास न्यायालयात दाद कशी मागावी : कोकणातील अर्जदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड जिल्ह्यांतील अशा दिव्यांग व्यक्तींसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी लिहिले आहे, ज्यांचा संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज नामंजूर झाला आहे, ज्यांचे चालू अनुदान थांबले आहे, ज्यांना प्रमाणपत्रावर अपेक्षेपेक्षा कमी टक्केवारी मिळाली आहे किंवा ज्यांची सैनिकी अपंगत्व पेन्शन फेटाळली गेली आहे. येथील माहिती सर्वसाधारण स्वरूपाची असून प्रत्यक्ष प्रकरणात वकिलाचा सल्ला घेणे आवश्यक आहे.

अर्ज नामंजूर झाला की थेट उच्च न्यायालयात जाता येते का?

कायद्याने मज्जाव नाही, पण बहुतेक वेळा न्यायालयाचा पहिला प्रश्न हाच असतो की खालच्या पातळीवर उपलब्ध असलेली दाद आपण मागितली होती का. दिव्यांग लाभांच्या नकाराविरुद्ध सुनावणी घेणारे स्वतंत्र न्यायालय आपल्याकडे नाही. संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात रिट याचिका, म्हणजे शासनाच्या किंवा अधिकाऱ्याच्या निर्णयाला आव्हान देणारी याचिका, दाखल करणे हाच मुख्य मार्ग आहे, आणि हा अधिकार वापरायचा की नाही हे न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून असते. पर्यायी दाद उपलब्ध असतानाही याचिका ऐकता येईल असे अपवाद सर्वोच्च न्यायालयाने 1998 च्या व्हर्लपूल कॉर्पोरेशन प्रकरणात सांगितले आहेत. मूलभूत हक्कांची अंमलबजावणी मागितली असेल, नैसर्गिक न्यायाचा भंग झाला असेल (उदाहरणार्थ, म्हणणे न ऐकताच निर्णय दिला असेल), अधिकार नसताना आदेश दिला गेला असेल किंवा कायद्याच्या वैधतेलाच आव्हान दिलेले असेल, तर पर्यायी दादीचा अडसर येत नाही.

म्हणून आमचा आग्रह असा की आधी योजनेच्या शासन निर्णयात अपिलाची तरतूद आहे का ते पाहावे. ती नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी निवेदन द्यावे, आणि संबंधित सेवा अधिसूचित असेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खालील अपील करावे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात भरणाऱ्या लोकशाही दिनातही तक्रार मांडता येते. तेथे प्रश्न सुटला नाही, तरी आपण दाद मागितल्याची नोंद राहते.

उच्च न्यायालय नेमके काय तपासते? माझी परिस्थिती पाहून ते अनुदान मंजूर करील का?

या प्रश्नाबाबत सर्वाधिक गैरसमज आहे, म्हणून तो सविस्तर समजून घ्यावा. अर्जदाराला वाटते की न्यायमूर्ती आपला निकामी झालेला हात पाहतील, घरची ओढाताण ऐकतील आणि न्याय देतील. रिट याचिकेत तसे सहसा घडत नाही. न्यायालय अर्जदाराची नव्हे, तर निर्णयाची तपासणी करते. अधिकाऱ्याने कायद्याने आणि शासन निर्णयाने घालून दिलेले निकषच लावले का, समोर असलेली कागदपत्रे विचारात घेतली का, अर्जदाराला म्हणणे मांडण्याची संधी दिली का, आणि कोणताही समंजस अधिकारी घेणार नाही असा अतार्किक निर्णय घेतला गेला का, एवढेच प्रश्न तेथे महत्त्वाचे असतात. 1994 च्या टाटा सेल्युलर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही चौकट स्पष्ट केली असून अवैधता, अतार्किकता आणि कार्यपद्धतीतील दोष या तीन कसोट्या आजही वापरल्या जातात.

उदाहरणार्थ, मिरकरवाडा बंदरातील एका खलाशाचा पंजा जाळे ओढण्याच्या विंचमध्ये सापडून निकामी झाला आणि त्याचा अर्ज "अर्जदार चालू-फिरू शकतो" अशा शेऱ्याने फेटाळला गेला, असे समजा. त्याला किती वेदना होतात किंवा तो दुसरे काम करू शकेल का, यात न्यायालय शिरणार नाही. मात्र 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र जोडलेले असताना, निकषांत कोठेही नसलेली "चालता-फिरता न येण्याची" अट अधिकाऱ्याने स्वतःहून कशी घातली, हा प्रश्न न्यायालय निश्चितच विचारील, कारण ती निव्वळ अवैधता आहे. उलट, त्याच खलाशाने प्रमाणपत्र जोडलेच नसेल आणि त्या कारणाने अर्ज परत आला असेल, तर कितीही सहानुभूती असली तरी न्यायालयाच्या हाती फारसे काही राहत नाही.

यावरून निघणारी गोष्ट आम्ही प्रत्येक अर्जदाराला सांगतो. उच्च न्यायालयातले प्रकरण तहसील कार्यालयातच घडते किंवा बिघडते. जो कागद तेथे दिला गेला नाही, त्याचा विचार न केल्याचा दोष नंतर अधिकाऱ्याला लावता येत नाही.

मला नकार तोंडीच सांगितला गेला. किंवा पत्र मिळाले, पण त्यात "निकषात बसत नाही" एवढेच लिहिले आहे. काय करावे?

तोंडी नकार हा नकार समजूच नये. "तुमचे काम होणार नाही" असे खिडकीवर ऐकून दापोली किंवा मंडणगडच्या एखाद्या गावातून आलेला माणूस परतीची एस.टी. पकडतो आणि पुढची काही वर्षे तसाच बसून राहतो, हे अतिशय क्लेशदायक आहे, आणि ते टाळता येण्याजोगे आहे. अर्ज नेहमी दोन प्रतींत द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. पोच देण्यास कोणी टाळाटाळ केल्यास तोच अर्ज स्पीड पोस्टाने, पोच मिळेल अशा रीतीने पाठवावा. त्यानंतर "माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर झालेला निर्णय कारणांसह लेखी कळवावा" असे एक साधे पत्र द्यावे.

कारणे देणे ही अधिकाऱ्याची मेहेरबानी नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4 नुसार आपल्या प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तीला देणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. क्रांती असोसिएट्स प्रकरणात 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने कारणमीमांसेशिवाय दिलेल्या आदेशांवर परखड भाष्य केले आहे. तरीही कारणे मिळाली नाहीत, तर माहिती अधिकारात दहा रुपये शुल्क भरून संपूर्ण नस्तीची (फाईलची) प्रत मागावी. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास हे शुल्क नाही. तीस दिवसांत माहिती मिळाली नाही, तर प्रथम अपील करता येते. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून "अर्जावरील टिप्पणी, तपासणी अहवाल, समितीच्या बैठकीचे इतिवृत्त आणि अंतिम आदेश यांच्या प्रती" एवढेच मागावे आणि तक्रारीचा पाढा त्यात वाचू नये.

नस्ती हातात आल्यावर ती बारकाईने वाचावी. तलाठ्याचा अहवाल अनुकूल असताना वरच्या टेबलावर विरुद्ध शेरा आला आहे का, समितीपुढे वैद्यकीय प्रमाणपत्र ठेवले गेले होते का, आपल्या नावासमोर दुसऱ्याच अर्जदाराचे कारण नोंदले गेले आहे का, हे त्यातून कळते. एका ओळीच्या नकाराबाबत एक तत्त्व अर्जदाराच्या बाजूचे आहे. मोहिंदर सिंग गिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1978 च्या सुमारास असे ठरवले की आदेशाची वैधता आदेशात नमूद असलेल्या कारणांवरूनच जोखली जाईल, आणि नंतर प्रतिज्ञापत्रातून नवी कारणे जोडून तो सावरता येणार नाही. म्हणजे पत्रात "निकषात बसत नाही" एवढेच असेल, तर सरकारी वकिलांना पुढे उत्पन्नाचे किंवा वास्तव्याचे नवे कारण सहजासहजी उभे करता येत नाही.

माझ्या प्रमाणपत्रावर 40 टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व दाखवले आहे. त्याविरुद्ध न्यायालयात जाता येईल का?

आधी अपील करावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 59 प्रमाणे प्रमाणन प्राधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध राज्य शासनाने नेमलेल्या अपिलीय प्राधिकरणाकडे जाता येते. प्रमाणपत्र पूर्णतः नाकारले असेल, तर नाकारण्याची कारणे लेखी कळवणे नियमांनी बंधनकारक केले आहे.

वैद्यकीय मताच्या जागी न्यायालय स्वतःचे मत ठेवत नाही, त्यामुळे "मला 45 टक्के मिळायला हवे होते" एवढ्या म्हणण्यावर याचिका टिकत नाही. परंतु मूल्यांकनाची पद्धत चुकली असेल, तर चित्र बदलते. केंद्र शासनाने मूल्यांकनाची मार्गदर्शक तत्त्वे जानेवारी 2018 मध्ये अधिसूचित केली आणि मार्च 2024 मध्ये ती सुधारली. एकापेक्षा अधिक दिव्यांगत्वे असतील तर ती एका ठरलेल्या सूत्राने एकत्र करायची असतात. मोठ्या टक्केवारीला अ आणि लहान टक्केवारीला ब मानले, तर 90 मधून अ वजा करून येणाऱ्या संख्येला ब ने गुणायचे, 90 ने भागायचे आणि उत्तर अ मध्ये मिळवायचे. आंब्याच्या झाडावरून पडलेल्या मजुराच्या पायाचे दिव्यांगत्व 30 टक्के आणि हाताचे 25 टक्के असेल, तर 25 गुणिले 60 भागिले 90 म्हणजे सुमारे 16.7, आणि एकूण सुमारे 47 टक्के होतात. अशा व्यक्तीच्या प्रमाणपत्रावर केवळ पायाचे 30 टक्के नोंदवले गेले, तर तो मतभेदाचा नव्हे, तर नियम न पाळल्याचा मुद्दा ठरतो आणि त्यावर अपिलात व न्यायालयातही बोट ठेवता येते. असे प्रकरण असल्यास जिल्हा रुग्णालयातील तपासणीच्या नोंदींची प्रत अवश्य मागून घ्यावी, कारण अंतिम प्रमाणपत्रावर ही आकडेमोड दिसत नाही.

अनुदान नियमित येत होते, ते अचानक बंद झाले. हे नव्या अर्जाच्या नकारासारखेच आहे का?

नाही, येथे आपली बाजू अधिक भक्कम असते. एकदा मंजूर झालेला लाभ नोटीस न देता आणि म्हणणे न ऐकता बंद करणे हा नैसर्गिक न्यायाचा भंग आहे, आणि वर सांगितलेल्या अपवादांपैकी हा एक असल्यामुळे न्यायालय अशी याचिका तुलनेने लवकर मनावर घेते. तथापि आधी साधी कारणे तपासावीत. हयातीचा दाखला वेळेवर पोचला नाही, आधार बँक खात्याला जोडलेले नाही, खाते व्यवहाराअभावी निष्क्रिय झाले, नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक पडला, अशा कारणांनी रक्कम अडकलेली असते आणि तिच्यासाठी न्यायालयाची नव्हे, तर बँकेच्या शाखेची आणि तहसीलमधील संजय गांधी शाखेची पायरी चढावी लागते.

उत्पन्न जास्त असल्याचे कारण दिले आहे. त्यास आव्हान देता येते का?

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 रुपये आहे, तर इतर लाभार्थ्यांसाठी ती 21,000 रुपये आहे. दिव्यांग अर्जदाराला चुकून 21,000 ची मर्यादा लावली गेली असेल, तर तो निकाल देण्याजोगा सरळ मुद्दा आहे. उत्पन्न प्रत्यक्षात किती, हा वाद मात्र रिट याचिकेत सहसा ऐकला जात नाही. तो तहसीलदारांपुढेच उत्पन्नाच्या दाखल्याच्या दुरुस्तीने सोडवावा.

लाभाची रक्कमच अपुरी आहे. ती वाढवून मिळावी म्हणून याचिका करता येईल का?

राज्य शासनाने ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांग लाभार्थ्यांचे अनुदान दरमहा 1,500 वरून 2,500 रुपये केले. 2016 च्या अधिनियमाच्या कलम 24 नुसार दिव्यांगांसाठीच्या साहाय्याची रक्कम इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा किमान 25 टक्क्यांनी अधिक असावी लागते. या कलमाचा भंग दाखवता आला तर याचिकेला आधार मिळतो. एरवी रक्कम किती असावी हा धोरणाचा प्रश्न मानून न्यायालये त्यात हात घालत नाहीत. महागाईचा विचार करता 2,500 रुपयांत औषधपाणीही भागत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे आणि ते योग्य व्यासपीठावर सतत मांडले गेले पाहिजे.

याचिका मुंबईत दाखल करायची की कोल्हापुरात?

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील प्रकरणे आता मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचकडे जातात. हे बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू झाले असून कोल्हापूर, सातारा, सांगली आणि सोलापूर हे जिल्हेही त्याच्या कक्षेत आहेत. रायगड, ठाणे आणि पालघर यांच्यासाठी मुंबईच कायम आहे. वैभववाडीहून करूळ घाटाने किंवा रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर गाठणे मुंबईच्या रात्रभराच्या प्रवासापेक्षा सोपे आहे, आणि चाकांच्या खुर्चीवरील पक्षकारासाठी हा फरक मोठा आहे. तरीही अर्जदाराने प्रत्येक तारखेला हजर राहणे आवश्यक नसते. प्रतिज्ञापत्रावरील स्वाक्षरी आपल्याच तालुक्यात करता येते आणि युक्तिवाद वकील करतात.

किती दिवसांत याचिका करावी लागते?

रिट याचिकेला कायद्याने ठरलेली मुदत नाही, परंतु विनाकारण विलंब झाल्यास न्यायालय दाद नाकारू शकते. अंतिम नकार मिळाल्यानंतर काही महिन्यांतच हालचाल करावी आणि उशीर झाला असल्यास त्याचे कारण, उदाहरणार्थ शस्त्रक्रिया किंवा दीर्घ उपचार, कागदपत्रांसह याचिकेत मांडावे.

वकिलाचा खर्च परवडत नाही. काय सोय आहे?

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार दिव्यांग व्यक्ती मोफत कायदेशीर मदतीस पात्र आहे. तिला उत्पन्नाची अट लागू होत नाही, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींनाही अशीच सवलत आहे. रत्नागिरी येथे आणि सिंधुदुर्गात ओरोस येथे जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, आणि तालुका न्यायालयात तालुका समितीकडेही अर्ज देता येतो. 15100 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर प्राथमिक माहिती मिळते. अर्जासोबत नकाराचे पत्र, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे विशिष्ट ओळखपत्र), पोच असलेला मूळ अर्ज आणि अपील केले असल्यास त्याची प्रत द्यावी. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, त्यामुळे मराठी कागदपत्रांचे भाषांतर जोडावे लागते. ते मदतीत समाविष्ट आहे का, हे सुरुवातीलाच विचारून घ्यावे.

याचिका मंजूर झाली तर लगेच पैसे मिळतात का?

बहुतेक वेळा न्यायालय नकाराचा आदेश रद्द करते आणि ठरावीक मुदतीत, अर्जदाराचे म्हणणे ऐकून, कारणांसह नवा निर्णय घ्यावा असा निर्देश देऊन प्रकरण परत पाठवते. अनेकांना हा अर्धवट विजय वाटतो. आमचे मत तसे नाही, कारण दुसऱ्या वेळी अधिकाऱ्यापुढे न्यायालयाचा आदेश असतो आणि पहिलेच सदोष कारण पुन्हा वापरता येत नाही. पात्रतेबद्दल कोणताही वाद उरलेला नसेल, तर थेट लाभ देण्याचा आदेशही होऊ शकतो. चालू अनुदान बंद झाले असेल, तर अंतिम निकालापर्यंत ते सुरू ठेवण्यासाठी अंतरिम आदेशाची मागणी याचिकेतच करावी. थकबाकीही स्पष्ट शब्दांत मागावी. जी दाद मागितलेली नाही ती आपोआप मिळेल असे गृहीत धरू नये.

मी माजी सैनिक आहे. माझी अपंगत्व पेन्शन फेटाळली गेली. माझा मार्ग हाच आहे का?

आपला मार्ग वेगळा आहे. कोकणातील गावोगावी माजी सैनिक आहेत, म्हणून हे वेगळे सांगणे गरजेचे आहे. आधी सैन्यदलांतर्गत पहिले आणि दुसरे अपील, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण अधिनियम, 2007 खाली न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे अर्ज, असा क्रम आहे. अंतिम आदेशापासून सर्वसाधारणपणे सहा महिन्यांची मुदत असते, आणि योग्य कारण दाखवल्यास विलंब माफ होऊ शकतो.

येथील तपासणी संजय गांधी योजनेपेक्षा अधिक खोलात जाते. अपंगत्व सेवेमुळे उद्भवले किंवा सेवेमुळे वाढले का, आणि ते किमान 20 टक्के आहे का, हे दोन प्रश्न असतात. धरमवीर सिंग प्रकरणात 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेदरम्यान उद्भवला, तर तो सेवेशी संबंधित असल्याचे गृहीतक सैनिकाच्या बाजूने असते आणि त्याविरुद्ध मत देणाऱ्या वैद्यकीय मंडळाने कारणे नोंदवली पाहिजेत. सप्टेंबर 2023 मध्ये संरक्षण मंत्रालयाने नवे नियम लागू केले असल्यामुळे आपण त्याआधी निवृत्त झालात की नंतर, हे वकिलाला प्रथम सांगावे.

जुने प्रकरण असले तरी आशा सोडू नये. तरसेम सिंग प्रकरणातील सैनिक 1983 साली सेवेतून बाहेर पडला होता आणि त्याने 1999 साली याचिका केली होती. पेन्शन न देणे हे दरमहा चालू राहणारे उल्लंघन मानून 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा हक्क मान्य केला, मात्र थकबाकी याचिकेपूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच ठेवली. उशिराची किंमत थकबाकीत मोजावी लागते, ती अशी.

दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार केली तर न्यायालयात जाण्याची गरज राहते का?

काही वेळा राहत नाही. पुणे येथे कार्यालय असलेल्या राज्य आयुक्तांना साक्षीदार व कागदपत्रे बोलावण्याबाबत दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, आणि त्यांच्या शिफारशीवर संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत कार्यवाही करून कळवायचे असते. पण शिफारस ही शिफारस असते. जुन्या 1995 च्या कायद्याच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली स्पष्ट केले होते की आयुक्तांना न्यायालयाप्रमाणे मनाई हुकूम देता येत नाही. म्हणून अनुदान बंद होण्याची तातडी असेल, तर आयुक्तांच्या निर्णयाची वाट पाहत बसू नये.

माझ्या भावाला बौद्धिक दिव्यांगत्व आहे, आईवडील गावी आहेत आणि मी मुंबईत नोकरी करतो. त्याच्या वतीने कोण दाद मागू शकते?

राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 खाली स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे, म्हणजे व्यवहारात जिल्हाधिकारी कार्यालयात, करायचा असतो. आईवडील हयात असले तरी भाऊ अठरा वर्षांचा झाल्यावर त्यांचे पालकत्व कायद्याने आपोआप चालू राहत नाही, त्यामुळे हा आदेश आधीच घेऊन ठेवावा. तो हाती असल्यास अपिलावर आणि याचिकेवर पालक स्वाक्षरी करू शकतो. नेमणूक प्रलंबित असतानाच नकाराविरुद्धची मुदत संपत असेल, तर अपील आई किंवा वडिलांच्या स्वाक्षरीने दाखल करावे, पालकत्वाचा अर्ज दिल्याची पोच त्यास जोडावी आणि आदेश मिळताच तो सादर करू असे अपिलातच लिहून द्यावे.